मिरो बोर्ड: दूर बसलेल्या टीमला नवं सुचायला याचा कितपत उपयोग होतो?

मिरो म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारा, काठच नसलेला पांढरा फळा. दहा गावांत बसलेले दहा जण त्यावर एकाच वेळी चिठ्ठ्या लावू शकतात, रेघा ओढू शकतात, फोटो डकवू शकतात. २०११ मध्ये ‘रिअलटाइमबोर्ड’ या नावाने सुरू झालेलं हे उत्पादन २०१९ मध्ये मिरो झालं. पुढच्याच वर्षी सगळी ऑफिसं घरी आली आणि आयटीवाल्यांपासून जाहिरात संस्थांपर्यंत जो तो त्यावर चिठ्ठ्या लावायला लागला. त्यात फ्लोचार्ट काढता येतात, स्प्रिंटचं, म्हणजे कामाच्या छोट्या टप्प्याचं, नियोजन होतं, सादरीकरणंही करतात. ते सगळं इथे बाजूला ठेवलं आहे. प्रश्न एवढाच घेतला आहे की कर्मचारी दूरदूर बसलेले असताना त्यांना नवं काही सुचावं, या कामी मिरो उपयोगी पडतं की आडवं येतं?

निकाल आधीच सांगून टाकू. सुचलेलं गोळा करायला, लावून ठेवायला आणि त्यातून निवडायला मिरो फार चांगलं. सुचण्याच्या टप्प्यावर मात्र ते उघडलं आणि जसंच्या तसं वापरायला घेतलं, तर फायद्यापेक्षा तोटाच जास्त. उपाय थोडा सेटिंगमध्ये आहे आणि बराचसा मीटिंगच्या क्रमात.

कॉलवर सुचत का नाही

मिरो सहसा एकटं वापरलं जात नाही. शेजारी झूम, मीट किंवा टीम्सचा कॉल चालू असतो, म्हणून आधी त्याचा हिशेब करायला हवा. मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव यांचा एक अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यात ६०२ जणांच्या जोड्या लावल्या होत्या. फ्रिस्बी किंवा बबल रॅप यांसारख्या साध्या वस्तूचे नवे उपयोग शोधायचे, वेळ ५ मिनिटं. काही जोड्या एका खोलीत समोरासमोर, काही व्हिडिओ कॉलवर. समोरासमोरच्या जोड्यांना सरासरी सुमारे १७ कल्पना सुचल्या, कॉलवरच्यांना सुमारे १५. पुढे पाच देशांतल्या १,४९० इंजिनिअरांवर हेच करून पाहिलं, त्यात भारतातलेही होते. कल तोच निघाला. पण गंमत पुढे आहे. सुचलेल्यातून चांगली कल्पना निवडायच्या कामात कॉलवरचे लोक अजिबात मागे पडले नाहीत.

कारण डोळ्यांत सापडलं. कॉलवर नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर खिळते. माणूस खिडकीबाहेर बघत नाही, कपाटावरून, भिंतीवरून नजर फिरवत नाही. नजरेचा घेर आवळला की विचारांचाही आवळतो. प्रत्यक्षात आपल्याकडची बहुतेक ऑफिसं याच्या नेमकी उलट वागतात. निर्णयाच्या बैठकीला ट्रॅफिक तुडवत सगळ्यांना हिंजवडीला बोलावतात आणि ‘आयडिया काढायला’ अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल लावतात.

दुसरी अडचण आवाजाची. साध्या गप्पांत एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, आणि हे जगातल्या वेगवेगळ्या भाषांत थोड्याफार फरकाने सारखंच आहे. आवाज पोचायला एका दिशेने १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की संभाषण अडखळायला लागतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. घरचं वायफाय, कॉलचं सर्व्हर आणि वर ब्लूटूथ इअरफोन अशी बेरीज झाली की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मग दोघं एकदम बोलतात, ‘बोला बोला, तुम्ही बोला’ होतं आणि दोघंही गप्प बसतात. आपली पाळी येईपर्यंत सुचलेलं विसरणं किंवा ‘जाऊ दे’ म्हणून सोडून देणं हा प्रकार एका खोलीतही होतोच. डील आणि स्ट्रोब या संशोधकांनी १९८७ मध्येच तो दाखवून दिला होता. कॉलवर तो वाढतो एवढंच.

मिरोची खरी ताकद इथे दिसते. पाळी नावाची भानगडच राहत नाही. आठ जण एकाच मिनिटात आठ चिठ्ठ्या लिहितात, कोणी कोणाला तोडत नाही, आणि मीटिंगमध्ये कधीच तोंड न उघडणाऱ्या नव्या मुलीची चिठ्ठी मॅनेजरच्या चिठ्ठीएवढ्याच आकाराची असते.

पहिली चिठ्ठी बाकीच्यांना ओढते

आता दोष. उघडल्याबरोबर मिरोवर सगळ्यांना सगळ्यांचं सगळं दिसतं. कोण काय टाइप करतंय, कोणाचा कर्सर कुठे फिरतोय, सगळं. बघायला मजा वाटते, पण कामाचं वाटोळं होतं.

समजा, एका मसाल्याच्या कंपनीला गोडा मसाल्याची छोटी पुडी बाजारात आणायची आहे आणि सहा जण त्यावर विचार करायला बसलेत. पहिल्या दहा सेकंदांत कोणीतरी पिवळी चिठ्ठी लावली: ‘आजीच्या हातची चव’. पुढची चार मिनिटं काय येतं? ‘आईच्या हातची चव’, ‘माहेरची आठवण’, ‘गावाकडचा स्वाद’, ‘पाट्यावर वाटलेलं’, ‘चुलीवरचा दरवळ’. तीस चिठ्ठ्या भरतात, बोर्ड भरगच्च दिसतो, स्क्रीनशॉट वरच्या साहेबांकडे जातो. मोजायला बसलं तर कल्पना एकच. तेच सहा जण एकमेकांचं न बघता लिहायला बसले की ‘एका वेळच्या आमटीपुरती पुडी, मोजायची कटकट नाही’, ‘वसतिगृहातल्या मुलांसाठी दहा पुड्यांची माळ’, ‘मागे भरल्या वांग्याचं प्रमाण चित्रात’, ‘तिखट कमी, मुलांच्या डब्यासाठी’ असं काहीतरी यायला लागतं. माणसं तीच. फक्त दिसणं बंद केलं.

यासाठी मिरोत ‘प्रायव्हेट मोड’ आहे. तो चालू असेपर्यंत इतरांच्या चिठ्ठ्यांवरचा मजकूर झाकलेला राहतो, बंद केला की सगळं एकदम उघडतं. हे या उत्पादनातलं सर्वांत उपयोगी बटण. दुर्दैव असं की ते पैसे भरणाऱ्यांसाठी आहे. ज्या गोष्टीवाचून बोर्ड नीट चालत नाही ती फुकट योजनेच्या बाहेर ठेवणं व्यापार म्हणून समजतं, पण पटत नाही.

फुकटात तेच साधायचं तर असं करा. प्रत्येकाने आपल्या फोनवरच्या किंवा लॅपटॉपवरच्या साध्या नोंदवहीत एका ओळीत एक कल्पना अशी यादी लिहायची. वेळ संपली की मिरोत स्टिकीच्या हत्यारातला ‘बल्क मोड’ उघडायचा आणि सगळी यादी तिथे पेस्ट करायची. प्रत्येक ओळीची वेगळी चिठ्ठी होते. स्प्रेडशीटच्या खान्यांतूनही हे जमतं. एक काळजी घ्या, एकाच कल्पनेच्या मध्ये एंटर दाबू नका, नाहीतर एका वाक्याच्या दोन अर्धवट चिठ्ठ्या होतात आणि नंतर कोणालाच अर्थ लागत नाही.

मीटिंगचा क्रम

सहा ते आठ जणांसाठी ५० मिनिटांचा हा बेत धरून चाला.

आदल्या दिवशी प्रश्न एका वाक्यात बोर्डवर लिहून ठेवा आणि लॉक करा. लॉक केलं नाही तर कोणीतरी चुकून तो ओढतं आणि तो काठ नसलेल्या फळ्यावर कुठेतरी हरवतो. प्रश्न अचूक हवा. ‘गोडा मसाल्यासाठी काहीतरी हटके’ यावर हटके काहीच येत नाही. ‘एकट्याने राहणारा माणूस गोडा मसाला का विकत घेत नाही’ यावर येतं.

पहिली ५ मिनिटं फक्त प्रश्न समजून घ्यायला, कॅमेरा चालू ठेवून. मग कॅमेरे बंद, माइक बंद, ८ मिनिटं लिखाण. या वेळात कागद-पेन वापरलं तर आणखी बरं, कारण बोर्डही शेवटी पडदाच आहे आणि नजर तिथेही अडकते. उठून फेऱ्या मारायची, गॅलरीत जायची उघड परवानगी द्या. ती शब्दांत दिली नाही तर माणसं ‘ऑनलाइन दिसलं पाहिजे’ म्हणून खुर्चीला चिकटून बसतात. आठ मिनिटांपैकी चौथ्या-पाचव्या मिनिटाला सगळे थांबतात. तिथे मीटिंग घेणारा घाबरतो आणि ‘झालं का सगळ्यांचं?’ विचारतो. विचारू नका. तोंडावर असलेली उत्तरं संपलेली असतात, आणि त्यानंतर येतात तीच कामाची.

मग चिठ्ठ्या बोर्डवर, ५ मिनिटं नुसतं वाचन. इतरांचे कर्सर लपवायचा पर्याय प्रत्येकाने आपापल्या पडद्यावर निवडावा, नाहीतर आठ रंगीत बाण डोळ्यांपुढे नाचत राहतात. नंतर ८ मिनिटांची दुसरी फेरी, यात दुसऱ्याच्या चिठ्ठीवर भर घालायची. ही फेरी बहुतेक ठिकाणी वगळतात, वेळ नाही म्हणून. वगळायचीच तर पहिली चर्चा वगळा, ही नको. उरलेली २४ मिनिटं गट पाडणं, बोलणं आणि मतदान, इथे कॅमेरा पुन्हा चालू.

स्वतःचा चेहरा सतत समोर दिसणं हेही थकवतं. झूमवर आपला चेहरा फक्त आपल्यापुरता लपवता येतो. तो लपवा, इतरांना तुम्ही दिसतच राहता.

ज्यांना दुसऱ्याच्या कल्पनेवर रचत जायचं आहे त्यांच्यासाठी ६-३-५ ही जुनी जर्मन पद्धत मिरोवर छान बसते. बर्न्ड रोरबाख यांनी १९६८ मध्ये मांडलेली. सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, दर पाच मिनिटांनी कागद शेजाऱ्याकडे. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, १०८ कल्पना. मिरोवर सहा फ्रेम, म्हणजे चौकटी, बनवा, प्रत्येकीत सहा ओळी आणि तीन रकाने. फ्रेमला क्रमांक द्या आणि टायमर वाजला की प्रत्येकाने पुढच्या क्रमांकावर जायचं, सहावरचा एकवर. सगळ्या फेऱ्यांना सारखा वेळ मात्र देऊ नका. पहिल्या फेरीत वाचायला काही नसतं, ४ मिनिटं पुरतात. शेवटच्या फेरीत वर पंधरा चिठ्ठ्या असतात, तिथे ६ लागतात. फ्रेमना क्रमांक न देता ‘उजवीकडे सरका’ म्हटलं की दोघं एकाच फ्रेममध्ये सापडतात आणि एक फ्रेम रिकामी राहते.

मराठीत लिहिताना

देवनागरी टायपिंग जमत नाही म्हणून मराठी टीमसुद्धा बोर्डवर मोडक्या इंग्रजीत लिहितात आणि कल्पनेचं सत्त्व तिथेच निघून जातं. ‘माहेरवाशिणीचा डबा’ या कल्पनेचं ‘डॉटर गिफ्ट बॉक्स’ झालं की उरतं काय? विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, भाषेच्या सेटिंगमधून तो जोडता येतो. रोमन अक्षरं दाबायची, देवनागरी उमटते. फोनवर जीबोर्डला, म्हणजे गूगलच्या कीबोर्डला, मराठीत बोललेलं लिहिता येतं, यादीच्या पद्धतीला ते पुरेसं आहे.

चिठ्ठीत मजकूर वाढला की मिरो अक्षरं आपोआप बारीक करतं. देवनागरीत वेलांट्या, रफार, जोडाक्षरं असल्याने बारीक अक्षर इंग्रजीपेक्षा लवकर वाचेनासं होतं. एका चिठ्ठीवर आठ-दहा शब्द ही मर्यादा आधीच सांगा. आणि लिपी एकच ठेवा. अर्ध्यांनी ‘मसाला’ देवनागरीत आणि अर्ध्यांनी रोमनमध्ये लिहिलं तर शोध घेताना अर्धंच सापडतं. ‘वसतिगृह’ आणि ‘वसतीगृह’ यांचंही तेच.

गट पाडणं आणि मतदान

इथे मिरो खरोखर हुकमी चालतं. चिठ्ठ्या ओढून शेजारी ठेवणं, फ्रेममध्ये टाकणं, रंग बदलणं हे कागदी चिठ्ठ्यांपेक्षा सोपं जातं आणि भिंतीवरून गळून पडायची भीती नाही. हल्ली चिठ्ठ्यांचे गट एआयकडून पाडून घ्यायचीही सोय आहे. शे-दीडशे चिठ्ठ्या असतील तर पहिला कच्चा ढीग लावायला ती वापरा, पण तिथेच थांबू नका. शब्दांच्या सारखेपणावर लावलेल्या गटात वेगळी, एकटी चिठ्ठी कुठेतरी कोंबली जाते किंवा ‘इतर’मध्ये जाते, आणि आपण सगळी खटपट करतो ती त्या एकट्या चिठ्ठीसाठी. माणसांनी हाताने गट पाडताना जो वाद होतो त्यातूनही दोन-चार नव्या कल्पना निघतात, ते वेगळंच.

मतदानाची सोयही पैशांच्या योजनेत येते. फुकटवाले तीन-तीन लाल ठिपके वाटतात. मग साहेबांचे तीन ठिपके जिथे पडतात तिथेच बाकीच्यांचे जातात. त्याऐवजी चिठ्ठ्यांना क्रमांक द्या आणि प्रत्येकाने आपले तीन क्रमांक कॉलच्या चॅटमधून फक्त मीटिंग घेणाऱ्याला पाठवावेत. दोन मिनिटांचं काम. चॅट ‘सर्वांना’वर नाही ना, हे पाठवण्याआधी बघा.

बोर्ड जे करू शकत नाही

मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहामाहीतल्या कामकाजावर एक अभ्यास झाला. सगळे घरून काम करायला लागल्यावर गट आपापल्यात घट्ट झाले आणि गटागटांमधले पूल कमी झाले, असं त्यात दिसलं. चहाच्या टपरीवर अकाउंट्सचा माणूस भेटतो आणि त्याच्या बोलण्यातून काहीतरी सुचतं, ते घरी होत नाही. मिरोही ते घडवत नाही. ज्यांना लिंक पाठवाल तेच येणार. म्हणून दर बैठकीला दोन बाहेरचे जाणूनबुजून बोलवा. मसाल्याच्या बैठकीला ग्राहकांचे फोन घेणारी एक जण आणि पॅकिंग बघणारा एक जण. फुकट योजनेत सदस्यांच्या संख्येला मर्यादा नाही, त्यामुळे खर्च शून्य. पैशांच्या योजनेत दर माणशी आकारणी असते, तिथे पाहुण्यांना किती हक्क मिळतात हे आधी तपासा.

टीम पुणे आणि लंडन अशी विभागलेली असेल तर साडेचार-साडेपाच तासांचा फरक पडतो, न्यू जर्सी असेल तर साडेनऊ-साडेदहा. तेव्हा सगळ्यांना एका कॉलवर ओढण्यापेक्षा पहिली लेखनाची फेरी २४ तास उघडी ठेवा. याद्या मीटिंग घेणाऱ्याकडे येऊ द्या आणि त्याने एकदमच बोर्डवर लावाव्यात. रात्री अकरा वाजता डोळे चोळत बसलेल्या माणसाकडून काय सुचण्याची अपेक्षा करणार?

यंत्रं आणि वीज

आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल आणि भरलेला बोर्ड एकत्र चालवले की पंखा ओरडायला लागतो आणि चिठ्ठी ओढल्यावर दोन सेकंदांनी सरकते. कॉल फोनवर घ्या, बोर्ड लॅपटॉपवर. फोनमधून थेट काढलेले मोठे फोटो बोर्डवर टाकू नका, १,५०० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान करून टाका. इअरफोन तारेचा बरा. बऱ्याच ब्लूटूथ इअरफोनमध्ये माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा फोनकॉलच्या पातळीवर घसरतो, आणि बोलण्यातला सूर, चेष्टा, अर्धवट सोडलेलं वाक्य कळेनासं होतं.

राउटरला छोटा यूपीएस लावायचा तर राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही बघा. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात. व्होल्ट जुळले पण यूपीएसचे अँपिअर कमी पडले, तर वीज गेल्यावर राउटर बंद-चालू होत राहतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही लावा. फक्त राउटर जिवंत ठेवून उपयोग नाही.

घ्यावं का

फुकट योजनेत संपादन करता येतील असे तीनच बोर्ड मिळतात. पाच-सहा जणांच्या टीमला वरच्या युक्त्या वापरून ते पुरतात. महिन्याला चार-पाच अशा बैठका होत असतील तर निव्वळ प्रायव्हेट मोड आणि मतदानासाठी पैसे भरणं योग्य आहे. योजनांमध्ये काय येतं ते बदलत राहतं, त्यामुळे ही दोन नावं किंमतीच्या पानावर शोधूनच कार्ड काढा. बैठक संपली की बोर्ड पीडीएफ करून आपल्याकडे ठेवा. गूगलचा असाच फळा, जॅमबोर्ड, ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. तसं कुठल्याही बोर्डाचं होऊ शकतं.

टीममध्ये डिझायनर जास्त असतील आणि फिग्मा हे डिझाइनचं साधन आधीपासून वापरात असेल तर त्याचाच फळा, फिगजॅम, घ्या, वेगळं मिरो कशाला? दोघा-तिघांना गप्पा मारत रेखाटन करायचं असेल तर एक्सकॅलिड्रॉ पुरे. ते मुक्त स्रोत आहे, लॉगिन लागत नाही, रेघा हाताने काढल्यासारख्या दिसतात त्यामुळे कच्चं काम कच्चंच वाटतं आणि लोक खोडायला घाबरत नाहीत. फक्त त्यातलं चित्र तुमच्या ब्राउझरमध्येच साठतं. ब्राउझरची सफाई केली की तेही जातं, म्हणून उठण्याआधी फाइल उतरवून घ्या.